खोगिराची निवड

शनिवार, १ जुलै

मी, लेलंड व्होर्पाल, वय चौपन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, रीड्स क्रॉसिंग येथील कागद कारखान्यात गेली एकोणीस वर्षे खरेदी विभागाचा प्रमुख, ही दैनंदिनी आजपासून एका निश्चित हेतूने लिहीत आहे. येत्या शरदात पत्नी लोर्ना हिच्याबरोबर मला झाडावर चढून हरणाच्या शिकारीला बसायचे आहे, आणि त्यासाठी लागणारे साहित्य निवडायचे आहे. मी आजवर शिकार केलेली नाही. विस्कॉन्सिनच्या या भागात पुरुषाने हे वाक्य चारचौघांत उच्चारू नये असा संकेत आहे. दैनंदिनीत हरकत नसावी.

लोर्ना बाराव्या वर्षापासून धनुष्याने शिकार करते. गेली नऊ वर्षे ती मचाण वापरत नाही, खोगीर वापरते. खोगीर म्हणजे कमरेखाली आणि मांड्यांना आवळायचा रुंद पट्ट्यांचा झोळा. त्याच्या पुढच्या बाजूला दोराचा फास असतो, तो एका कडीने झाडाला बांधलेल्या मुख्य दोरात अडकवतात. माणूस खोडाकडे तोंड करून, पावलाएवढ्या फळीवर उभा राहून, मागे रेलतो आणि तसाच तासन्‌तास लटकतो. बसायला काही नसते. सगळी भिस्त रेलण्यावर.

मे महिन्यात तिच्या हातांची तपासणी झाली. नसांचा हा आजार हळू चालतो, मधूनच थांबतो, पण मागे फिरत नाही असे डॉक्टरांनी सांगितले. हंगामाविषयी तिने स्वतःच विचारले. "या वर्षीचा मिळेल," ते म्हणाले. "पुढच्याचं मी बोलत नाही." त्यावर तिचा धाकटा भाऊ डेल याने अट घातली की तिने एकटीने चढायचे नाही. डेलचे स्वतःचे वजन कोणत्याही खोगिराच्या मर्यादेपेक्षा जास्त आहे. राहिलो मी.

काल जेवताना तिने ताटावरची नजर न काढता विचारले, "तू येशील वर? एकदाच. माझ्या डाव्या बाजूला लटकायचं आणि गप्प बसायचं. गप्प बसणं तुला जमतं."

मी होकार दिला आणि उद्यापासूनच साहित्याची तुलना हाती घेतो असे सांगितले. ती बराच वेळ हसत होती. कारण कळले नाही.

रविवार, ९ जुलै

अकरा बनावटींची खोगिरे तपासली. एका पट्टीचे हलके आणि आटोपशीर, परंतु दोन तासांनी कंबर दुखते अशी वापरणाऱ्यांची तक्रार. दोन पट्ट्यांचे आरामदायी, परंतु पट्ट्या घासल्याचा आवाज होतो. चौदा रकान्यांचा तक्ता केला आहे. पुढच्या फासाची लांबी कमीजास्त करता यावी की ठरावीक असावी, यावर जाणकारांत एकमत नाही.

तक्ता लोर्नाला दाखवला. तिने वाचला, दोन्ही हातांनी धरून.

"कुठलंही घे रे. कंबर तुझी आहे, सगळ्यांत मावेल."

"सगळ्यांत मावणं हा निकष होऊ शकत नाही."

"बरं. मग निकष सापडला की मला हाक मार."

हंगाम १६ सप्टेंबरला उघडतो. वेळ पुरेसा आहे.

शनिवार, २२ जुलै

पहिले खोगीर आले. परसातल्या मेपलला जमिनीपासून एक फुटावर दोर बांधून पाहिला. परिणाम असमाधानकारक. दोर माझ्यासारख्या बारा जणांचे वजन पेलू शकतो हे मला पाठ आहे. पाठीला मात्र ते पटत नाही.

"मागे रेल," लोर्ना म्हणाली.

"रेललो आहे."

"तू झाडाला मिठी मारली आहेस, लेलंड."

मग तिने स्वतःचे जुने खोगीर चढवले, कडी अडकवली आणि मागे झाली. इतकी सहज, की दोर ताणल्याचाही आवाज आला नाही. डोळे मिटून ती पाच-सहा मिनिटे तशीच होती. हात दोन्ही बाजूंना सैल सोडलेले. तपासणीनंतर तिचे हात इतके स्वस्थ मी पाहिले नव्हते. बहुधा पट्ट्याच्या रुंदीमुळे खांद्यांवरचा भार कमी होत असावा. तिचा पट्टा मोजून ठेवला आहे.

रविवार, ३० जुलै

पहिले खोगीर परत पाठवले, दुसरे मागवले. मांडीच्या पट्ट्याचा बकल धातूचा होता, खोडाला लागून वाजतो.

डेल हरणाच्या मांसाचे सॉसेज घेऊन आला. ओसरीवरचे खोके पाहून म्हणाला, "दाजी, हे परत चाललं? कारखान्यात कागद आला की तोही असाच चाटून बघता का?"

"कागद चाटत नाहीत. ओलावा मोजतात."

"ताई, ह्यांचं खोगीर येईपर्यंत हरणं म्हातारपणानं मरतील."

लोर्ना म्हणाली, "गप रे. तुझ्या मापाचं खोगीर घोड्यालासुद्धा मिळत नाही."

सॉसेज त्यानेच कापून दिले.

शनिवार, १२ ऑगस्ट

आज लोर्नाच्या साहित्याची तपासणी केली. झाडावर दोघांचे साहित्य एकाच दर्जाचे असणे मला आवश्यक वाटते. दोर बदलावे लागतील असा अंदाज होताच, पण कड्या पाहून धक्का बसला. नऊ वर्षांच्या जुन्या, पेच फिरवून बंद करायच्या. पेच झिजून इतके ढिले झाले आहेत की तळहात घासला तरी फिरतात.

"तेच तर बरं आहे," ती म्हणाली. "बोटं नाही लागत. ही माझा हात ओळखते."

मी तिला समजावले की पेचाची कडी माणूस बंद करायला विसरू शकतो, आणि अशा विसरण्यातूनच अपघात होतात. तिहेरी कुलपाची कडी आपोआप बंद होते. उघडताना मात्र नळी वर उचलायची, पिळायची आणि मग आत दाबायची, तिन्ही क्रिया लागोपाठ. चुकून उघडणे अशक्य. दोघांसाठी मिळून सहा मागवल्या होत्या, त्या आल्याच आहेत.

तिने स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून एक उघडून पाहिली. दुसऱ्या प्रयत्नात उघडली. मग टेबलावर ठेवून तिच्याकडे पाहत राहिली.

"जमलं ना?" मी विचारले.

"जमलं."

"मग जुन्या काढून टाकू?"

"तुला बरं वाटणार असेल तर टाक."

टाकल्या. खरेच बरे वाटले.

इतर नोंद: लोर्नाने बटणांचे शर्ट घालणे सोडून गळ्यातून घालायचे सदरे घेतले आहेत. रंग तिला शोभतात.

शनिवार, २ सप्टेंबर

दुसरे खोगीर समाधानकारक आहे. चढण्याच्या शिड्यांचे चार तुकडे आले. प्रत्येकाला आवाज दाबणारी जाड पट्टी चिकटवली. या कामाला तीन संध्याकाळी लागल्या, कारण पहिल्या दिवशी पट्टीच्या कडा सारख्या आल्या नव्हत्या. उभे राहायची माझी फळी मात्र बिजागरीत कुरकुरते. बदलून मागितली आहे.

या आठवड्यात लोर्नाच्या हातून कॉफीचे दोन कप पडले. कप जडच होते. पातळ काठाचे, मोठ्या कानाचे चार मागवले आहेत.

शनिवार, १६ सप्टेंबर

हंगाम उघडला. आम्ही गेलो नाही. नवी फळी अद्याप आलेली नाही, आणि परसातल्या झाडावर चार फुटांच्या वर मी अजून रेललेलो नाही. अपुऱ्या तयारीनिशी सरकारी जंगलात जाणे मला बेजबाबदारपणाचे वाटले.

उजाडायच्या आधी जाग आली तेव्हा लोर्ना जागेवर नव्हती. ती परसदाराच्या पायरीवर, शिकारीचे कपडे घालून, कॉफी घेऊन बसली होती. नवा कप दोन्ही हातांत नीट बसतो असे दिसले. मी शेजारी बसलो आणि सांगितले की आज उकाडा आहे, वाराही दक्षिणेचा, तसाही दिवस चांगला नाही.

"हो," ती म्हणाली.

थोड्या वेळाने म्हणाली, "ओकची फळं पडायला लागली असतील तिकडे."

मी म्हणालो की ती महिनाभर पडतात. हे मी वाचलेले आहे.

रविवार, २४ सप्टेंबर

लोर्नाने धनुष्याची ओढ, म्हणजे दोरी खेचायला लागणारा जोर, आणखी पाच पौंडांनी उतरवून घेतली. यापेक्षा खाली उतरवली तर कायद्याने चालणार नाही. परसात तिने दहा बाण मारले. आधी वीस मारत असे. दहाच्या दहा नेमक्या जागी. डेलने आडवे धनुष्य सुचवले, ज्यात दोरी आधीच ताणून ठेवतात आणि फक्त चाप ओढतात.

"ते बंदुकीचं पिल्लू आहे," ती म्हणाली. "मला नको."

"ताई, अभिमान जरा बाजूला ठेव."

"अभिमान नाही रे. मला ओढायला आवडतं. तेवढंच तर आवडतं."

निघताना डेलने मला गाडीपाशी थांबवले. "दाजी, तुम्ही कसली वाट बघताय?"

"फळीची. मंगळवारी येते आहे."

"फळी येईल हो. ती काय, कारखान्यात बनते." तो माझ्याकडे पाहत राहिला. मला वाटले तो पुढे काही बोलेल. त्याने गाडीचे दार जरा जोरातच लावले.

त्याला माझा उशीर बोचतो हे मला समजते. पण झाडावरून पडलेल्या माणसांची माहिती मी वाचली आहे, त्याने वाचलेली नाही. लोर्नाच्या हातांबद्दल मी काहीही करू शकत नाही. दोराबद्दल करू शकतो.

शनिवार, ७ ऑक्टोबर

आज परसातल्या मेपलवर दहा फुटांवर मी पूर्ण रेललो. नव्वद सेकंद, नंतर पुन्हा चार मिनिटे. घाम खूप आला. खाली लोर्ना उभी होती. तिने मांडीवर हात आपटून शाबासकी दिली. "बघ, झाडाला काही झालं का?"

ती स्वतः दोनदा वर-खाली करून आली. कमरदोर, म्हणजे चढताना कमरेभोवती आणि खोडाभोवती असतो तो दोर, तिने जमिनीवर उभे राहूनच कडी लावून घेतला आणि उतरल्यावरच सोडवला. वर मुख्य दोराची कडी लावताना तिला वेळ लागला. मी घड्याळ लावले होते: पहिल्या खेपेस चाळीस सेकंद, दुसऱ्या खेपेस दोन मिनिटे दहा. थंडीमुळे असावे. हात गरम ठेवायच्या पुड्या मागवल्या.

येत्या शनिवारी जायचे ठरले. साहित्य पूर्ण आहे. तक्त्यातला शेवटचा रकाना आज भरला.

शनिवार, १४ ऑक्टोबर

जे घडले ते क्रमाने लिहितो.

पहाटे साडेपाचला सरकारी जंगलाच्या कडेला गाडी लावली. लोर्नाचे झाड पाऊण मैल आत, दलदलीच्या काठावर. जुना ओक, सरळ, आणि साधारण अकरा फुटांवर मनगटापेक्षा जाड एक फांदी. ही फांदी तिने मला आधी सांगितली नव्हती. मी विचारलीही नव्हती. परसातल्या मेपलला पंधरा फुटांपर्यंत फांदी नाही. आमचा सगळा सराव त्या मेपलवर झाला आहे.

शिड्यांचे तुकडे लावत ती आधी चढली. मी खाली. फांदीपाशी आल्यावर कमरदोर फांदीखालून वर घेता येत नाही. म्हणून मुख्य दोर वर बांधून त्याची कडी खोगिराला लावायची, मग कमरदोराची कडी सोडवायची, दोर फांदीच्या वर नेऊन पुन्हा लावायची, मग मुख्य दोराची कडी काढून घ्यायची. म्हणजे एका फांदीपायी कडी चार वेळा उघडायची. पेचाच्या कडीने ती हे नऊ वर्षे तळहाताने करत आली होती.

चारही वेळा तिने ती उघडली. किती वेळ लागला ते मी पाहिले नाही. दिव्याच्या उजेडात तिचे कोपर तेवढे दिसत होते. मग ती आणखी तीन फूट चढली, फळी लावली, मुख्य दोर खोडाभोवती आवळला, आणि थांबली.

"लोर्ना?"

"उघडत नाही."

"नळी वर उचल, मग पीळ—"

"मला माहीत आहे काय करायचं ते, लेलंड. बोटं करत नाहीयेत."

तिने दातांनी नळी धरून पाहिली. हात काखेत धरून गरम केले. गरम पुड्या माझ्या पिशवीत होत्या, खाली. उजाडत गेले. ती कमरदोरावर सुरक्षित होती, ते महत्त्वाचे, मी तसे तिला सांगितलेही. पण वर बसायचे तर कडी उघडायला हवी. खाली यायचे तर फांदीपाशी कमरदोर सोडवायला हवा, म्हणजे पुन्हा कडीच. मी निवडलेली कडी. चुकून उघडणे अशक्य असलेली.

मी माझे खोगीर चढवून फांदीपर्यंत गेलो. तिचे बूट माझ्या कपाळासमोर होते. हात ताणून पाहिला. तिच्या कमरेची कडी माझ्या बोटांपासून दीड वीत दूर राहिली. फांदी ओलांडून वर जाण्यासाठी मला माझा कमरदोर सोडावा लागला असता, आणि मुख्य दोर बांधायला वर जागा नव्हती, तिथे ती होती. मी तिचा घोटा धरला. त्याचा तिला काही उपयोग नव्हता.

"डेलला बोलावतो," मी म्हणालो.

"आणि तो येऊन काय करेल? खाली उभा राहून शिव्या देईल." ती जरा थांबली. "करवत आहे माझ्या पिशवीत. डावा कप्पा. फांदी काप."

"हे सरकारी झाड आहे."

"मग मी हिवाळा इथंच काढते."

जिवंत फांदी कापायला बंदी आहे, हा नियम प्रवेशाच्या फलकावरच लिहिलेला आहे. मी खाली गेलो, करवत घेतली, वर आलो आणि कापू लागलो. ओकचे लाकूड कठीण असते. मधूनच करवत अडके, तेव्हा ती वरून सांगे, "दाबू नकोस. ओढताना काप, ढकलताना नाही." एकदा तिने विचारले, "थकलास?" मी नाही म्हणालो. किती वेळ लागला याची नोंद माझ्याकडे नाही.

फांदी पडली. कमरदोर सरकवत ती पायरी पायरी खाली आली. जमिनीवर तिचा कमरदोर मी सोडवला. दुसऱ्या प्रयत्नात कडी उघडली.

ती पडलेल्या फांदीवर बसली. मी म्हणालो की कडीची निवड चुकली.

"कडी चांगली आहे," ती म्हणाली. "तू सांगितलंस तशीच आहे अगदी."

घरी पोहोचलो. तिने स्वतःचे बूट काढायचा प्रयत्न केला, मग पाय माझ्यासमोर धरला.

रविवार, १५ ऑक्टोबर

दुकानात गेलो आणि पेचाच्या चार कड्या आणल्या. नव्या आहेत, पेच घट्ट. तळहाताने फिरत नाहीत. दुपारभर ओसरीवर बसून त्या फिरवत राहिलो की ढिल्या व्हाव्यात. संध्याकाळपर्यंत माझी त्वचा सोलली, पेच होते तसेच आहेत. नऊ वर्षांचे काम एका दुपारी होत नाही हे मला मोजून सांगता आले असते.

लोर्नाने दारातून पाहिले. "ठेव आता. मी परत चढणार नाही."

"बिनफांदीचं झाड शोधतो."

"लेलंड." इतकेच म्हणून ती आत गेली.

मग मला डेलचे गाडीपाशी थांबणे आठवले. सप्टेंबरच्या सोळाला तिची बोटे कशी होती याची माझ्याकडे कोणतीच नोंद नाही. पट्टीच्या कडांची आहे.

गुरुवार, १९ ऑक्टोबर

सोमवारी वनखात्याला पत्र लिहून जिवंत फांदी कापल्याचे कळवले होते. जागा, उंची, जाडी आणि कारण यांसह. आज तिथल्या अधिकारी बाईंचा फोन आला.

"व्होर्पाल साहेब, तुमचं पत्र वाचलं. फांदी वाळलेली होती ना?"

"नाही. हिरवी होती. पाने होती."

"मी काय विचारतेय, वाळलेली असेल तर काही प्रश्नच नाही."

"पण ती वाळलेली नव्हती."

"बाईसाहेब बऱ्या आहेत ना आता?"

याचे उत्तर पत्रात नव्हते. मी म्हणालो, "पडल्या नाहीत."

"मग मी वाळलेली लिहिते," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. मला दुरुस्ती करायची होती. पुन्हा फोन लावला नाही.

रविवार, २९ ऑक्टोबर

दोन आठवडे लोर्नाने जंगलाचा विषय काढला नाही. मीही नाही. साहित्य गॅरेजमध्ये आहे तसेच आहे. शुक्रवारी नेहमीप्रमाणे तळलेले मासे खायला गेलो; तिथे प्रत्येक टेबलावर हरणांच्याच गोष्टी होत्या. तिने माशाचे तुकडे हातानेच केले.

आज फुटबॉलचा सामना चालू असताना ती म्हणाली, "शनिवारी जाऊ या. मी खाली बसेन, खोडाला टेकून. तू वर जा."

"मी वर जाऊन काय करणार? मला बाण मारता येत नाही."

"वरून तुला आधी दिसेल. वर धनुष्य खेचायची बारीक दोरी असते ना, तिचं एक टोक तुझ्याकडे, दुसरं माझ्या मनगटाला. हरण दिसलं की एकदा ओढ. बोलू नकोस, हलू नकोस."

"आणि तू? ओढशील?"

"ओढेन की," ती म्हणाली आणि सामना पाहू लागली. या आठवड्यात तिने परसात एकही बाण मारलेला नाही. हे मी आता लिहून ठेवतो.

शनिवार, ४ नोव्हेंबर

दुपारी एक वाजता झाडापाशी पोहोचलो. वारा वायव्येचा, आमच्या तोंडावर येणारा. पाने जवळजवळ गळलेली. मी चढलो. फांदी नसल्याने कमरदोर सरळ वर गेला. अठरा फुटांवर फळी लावली, कडी लावली, कमरदोर सोडवला आणि मागे रेललो. भीती वाटली नाही. तिच्याकडे लक्ष देण्यात ती राहून गेली असावी.

लोर्ना खाली खोडाला पाठ टेकून, मांडीवर धनुष्य घेऊन बसली होती. दोरीचे टोक तिच्या डाव्या मनगटाला, धनुष्य धरायच्या हाताला, मीच बांधले होते. वरून तिची टोपी, गुडघे आणि बाणाची पिसे एवढे दिसे.

जवळजवळ तीन तास काही नाही. खारी, एक सुतार पक्षी. मग उजव्या हाताला, दलदलीच्या वाळक्या गवतात, गवत वाटावे असे काहीतरी हलले आणि त्याला शिंगे होती. मोठा नर. मी शिंगांची टोके मोजली, नऊ. तो माद्यांच्या मागावर नाक जमिनीला लावून सरळ ओककडे येत होता. मी दोरी एकदा ओढली.

तिची टोपी हळूच वळली. तिला दिसला.

तो वीस पावलांवर आला आणि आडवा उभा राहून ओकची फळे खाऊ लागला. इतके जवळ की मला फळे फुटल्याचा आवाज येत होता. तिने धनुष्य उचलले आणि ओढायला सुरुवात केली. दोरी निम्म्यावर आली. तिथेच थांबली. तिचे खांदे मला वरून दिसत होते, कोटाखाली दोन्ही फरे एकमेकांकडे येऊ पाहणारे. माझ्या हातातली बारीक दोरी मी घट्ट धरली नव्हती, ती नुसती बोटांवर होती. आणि ती थरथरू लागली. खालून वर येत होते ते. पूर्ण अठरा फूट.

मी काहीही करू शकत नव्हतो. खोकू शकत नव्हतो. श्वास मोजणेही सुटले.

तिने धनुष्य सावकाश खाली घेतले, बाण न सोडता, दोरी न सोडता, जशी ओढली तशीच परत. नराने डोके वर केले, तिच्याकडे पाहिले, शेपटी हलवली आणि पुन्हा खाली घातले. तिने दुसऱ्यांदा उचलले. या वेळी दोरी चार बोटेही आली नाही. तिसऱ्यांदा तिने उचलले नाही. ती नुसती बसून पाहत राहिली. तोही अकरा मिनिटे तिथे होता, खात होता, मग काठाकाठाने निघून गेला. दोरी बराच वेळ बोटांवर हलत होती. नंतर थांबली.

अंधार पडायच्या आत मी उतरलो. ती उठायला हात पुढे करून बसली होती. मी उठवले. धनुष्य मी घेतले.

गाडीत तिने विचारले, "टोकं किती मोजलीस?"

"आठ."

"नऊ. डाव्या शिंगाच्या मुळाशी एक बारीक होतं. वरून दिसलं नसेल तुला."

रस्ता संपत आल्यावर ती म्हणाली, "छान नर होता रे," आणि हात कोटाच्या खिशात घातले.

वरील नोंदीत मी प्रथम आठ लिहिले होते. खोडून नऊ केले आहे. नववे मी स्वतः पाहिलेले नाही. ते तिच्या सांगण्यावरून नोंदवले आहे.

लेलंड व्होर्पाल
रीड्स क्रॉसिंग, विस्कॉन्सिन
४ नोव्हेंबर २०२३